स्तंभालेख कधी काढायचा आणि रेषालेख कधी, हे सातवीतल्या मुलाला कसं समजवावं?

शाळेच्या आवारातली आंबा, कडुलिंब, गुलमोहर अशी झाडं मोजून तुमच्या मुलाने रेषालेख काढला आणि बाईंनी कारण न सांगता त्यावर फुली मारली, असं तुम्ही लिहिलंय. फुली बरोबर आहे. कारण न सांगणं मला अजिबात पटत नाही.

त्याला एवढंच विचारा, दोन बिंदूंच्या मध्ये काही आहे का? पाणी तापवताना तिसऱ्या आणि चौथ्या मिनिटाच्या मध्ये साडेतीनावं मिनिट येतं, तेव्हाही पाण्याला काही ना काही तापमान असतंच. तिथे रेषा ओढायची. आंबा आणि कडुलिंबाच्या मध्ये काहीच नाही, म्हणून स्तंभ. आणि आकडा दिसला की ती संख्यात्मक माहिती, असं समजू देऊ नका. हजेरी क्रमांकही आकडाच, पण त्यांची सरासरी काढून काय कळणार?

पाण्याचं उदाहरण मुद्दाम घेतलंय. मी पुण्यात आठवीत होते. तिवईवर जाळी, जाळीवर चंचुपात्र, खाली बर्नर. मैत्रीण घड्याळ बघायची, मी तापमापी वाचायची. शेवटच्या नोंदी मला आजही पाठ आहेत : ९४, ९६, ९७, ९८, ९८, ९८, ९८. पाणी खळाखळा उकळत होतं आणि पारा हलत नव्हता. मी तसाच आलेख काढला, चढत गेलेली रेषा आणि शेवटी आडवी. बाईंनी लाल पेनाने तो आडवा भाग खोडला, रेषा शंभरावर नेऊन ठेवली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "पाणी शंभरला उकळतं, पुस्तक उघडलंस का कधी?" दहापैकी चार. ज्यांनी शेवटची नोंद मनानेच १०० लिहिली, त्यांना नऊ.

अकरावीत सरांनी सांगितलं की बाष्पाचा दाब हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळतं. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून साधारण दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. ९८ बरोबर होते! घरी येऊन जुनी वही शोधली आणि रडले. पुढे मुलीला घेऊन महाबळेश्वरला गेलो तेव्हा तापमापी बॅगेत टाकली होती. मुक्कामाच्या घरी गॅसवर पातेलं ठेवलं, पारा ९५ आणि ९६च्या मध्ये थांबला. मुलीने तिथेच, चौकटीच्या वहीत आलेख काढला.

तो आडवा भागच तर सगळ्या आलेखाचा जीव आहे. आच चालू असूनही तापमान वाढत नाही, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तो खोडला की विज्ञान खोडलं. पुस्तकातला आकडा वहीत उतरवायचा असेल तर बर्नर पेटवायचाच कशाला?

हेही सांगायला हवं की शाळेतल्या तापमाप्या एखाद्या अंशाने चुकतात, त्यामुळे माझे ९८ निव्वळ उंचीमुळेच होते असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वितळणाऱ्या बर्फात धरून ती शून्य दाखवते का, ते आधी बघा. तापमापीचा पारा भरलेला फुगा भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. आणि काळ आला म्हणजे रेषाच, असंही नाही. दर महिन्याचा एकूण पाऊस स्तंभालेखातच शोभतो, कारण ती महिनाभराची बेरीज असते.

झाडांचा आलेख त्याला पुन्हा काढू द्या, स्तंभांमध्ये सारखं अंतर ठेवून. मग रविवारी पाणी तापवा, नोंदी त्याच्याच हाताने घ्या. पारा जिथे थांबेल तोच आकडा पेनाने लिहायला लावा, आणि शाळेत कोणी खोडलाच तर वही घेऊन तुम्ही स्वतः जा. माझ्या वेळी घरून कोणी गेलं नव्हतं.