शाखा कार्यालय टाळून वीज कंपनीत अभियंता होता येईल का?

तुम्ही विचारले आहे की विद्युत अभियांत्रिकीची पदवी हातात आहे, वीज वितरण कंपनीत पदवीधर अभियंता प्रशिक्षणार्थी म्हणून लागण्याची शक्यता आहे, तर खेड्यातील शाखेत न जाता पहिल्यापासून ‘तांत्रिक काम’ मिळेल का, आणि पुढे बढती व पगाराचे कसे असते.

बढतीचे आधी उरकतो. प्रशिक्षण संपल्यावर पदवीधराची नेमणूक सहाय्यक अभियंता म्हणून होते. त्यानंतर उपकार्यकारी, अतिरिक्त कार्यकारी, कार्यकारी, अधीक्षक आणि मुख्य अभियंता अशी चढण आहे. नेमणूक राज्यात कुठेही होऊ शकते, म्हणून घरापासून तासाभराच्या अंतरावरचे गाव मनात धरून अर्ज करू नका. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन झाल्यापासून महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्यांच्या जाहिराती वेगवेगळ्या निघतात. ज्याला ४०० केव्हीची उपकेंद्रे आणि रिले (बिघाड ओळखून पुरवठा तोडायला लावणारी उपकरणे) यांतच रस आहे त्याने महापारेषणाची, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या कंपनीची, वाट धरावी. आमच्याकडचे विद्यार्थी कोयनेची सहल करतात, १,९६० मेगावॅटचा आकडा ऐकून आणि डोंगराच्या पोटातील वीजगृह पाहून भारावतात, आणि वीज म्हणजे तेवढेच असे समजून परत येतात. ती वीज शेवटी कोणाच्या तरी विहिरीवर पोहोचते, ही गोष्ट सहलीत कोणी दाखवत नाही.

आता तुमच्या ‘तांत्रिक काम’ या शब्दांकडे येतो, कारण त्यांच्यासाठीच मी हे उत्तर लिहायला घेतले. माझा एक वर्गमित्र गेली अनेक वर्षे प्रत्येक भेटीत हेच ऐकवतो की शाखेतला अभियंता वसुली करतो, फोन उचलतो आणि शिव्या खातो. त्यात अभियांत्रिकी कुठे आहे?

माझी पहिली नेमणूक तासगाव तालुक्यातील एका शाखेत झाली. सगळा परिसर द्राक्षबागांचा. खरड छाटणीनंतरच्या उन्हाळ्यात बागांना पाण्याची ओढ असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत ओढ्याकाठची १०० केव्हीएची एक डीपी (ट्रान्सफॉर्मर, म्हणजेच रोहित्र) वारंवार जळू लागली. नवे रोहित्र बसवायचे, आठ-पंधरा दिवस सुखाचे जायचे, पुन्हा काळा धूर आणि शाखेच्या दारात माणसे. मंजूर भार तपासला तर तो मर्यादेत होता. तेलाची पातळी ठीक, अर्थिंग ठीक. आमच्या शाखेत एक ज्येष्ठ लाईनमन होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांनी माझे कागद बाजूला सारले आणि म्हणाले, “सायेब, डीपी जळत न्हाई, जाळत्यात. रातच्याला लाईट याच्या येळंला हितं येऊन हुबं ऱ्हावा, मग कळंल.”

त्या आठवड्यात शेतीची थ्री-फेज पाळी रात्रीची होती. टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती अडकवून प्रवाह मोजायचे यंत्र, घेऊन आम्ही डीपीच्या पेटीपाशी उभे राहिलो. पुरवठा आला आणि शिवारभर स्टार्टर एकदमच खटखटले. एकाही माणसाचा हात न लागता सगळे पंप एका क्षणी सुरू झाले, कारण प्रत्येकाला ऑटोस्विच लावलेला होता. १०० केव्हीए रोहित्राच्या ग्राहकाकडच्या (लघुदाब) बाजूचा पूर्णभार प्रवाह सुमारे १३३ अँपिअर असतो. पाच अश्वशक्तीचा पंप आठ अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे पंधरा पंपांचे १२० झाले आणि कागदावरचा हिशेब बिनचूक बसला. पण थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीला पूर्णभाराच्या साधारण सहापट प्रवाह ओढते. पंधराही मोटरी एकदम उठल्या की मागणी सातशे अँपिअरच्या घरात जाते, व्होल्टेज कोसळते, व्होल्टेज कोसळल्यामुळे मोटरी वेग पकडत नाहीत, आणि जो प्रवाह काही सेकंदांत उतरायला हवा तो रेंगाळत राहतो.

मग फ्यूज का उडत नव्हता? तात्यांनी पुरवठा बंद करून घेतला, एक किटकॅट (फ्यूज तार बसवायचा चिनी मातीचा ठोकळा) उपसून माझ्या हातात दिले आणि वर बॅटरीचा उजेड धरला. फ्यूज तारेच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या कंडक्टरचे दोन पदर पिळून बसवलेले होते आणि त्यांच्या टोकांशी चिनी माती काळवंडली होती. दर रात्री फ्यूज उडतो म्हणून कोणीतरी कायमचा बंदोबस्त केला होता. परिणामी फ्यूजऐवजी रोहित्राचे वेटोळे जळत होते.

नोटिसा काढून हे सुटले नसते. मारुतीच्या देवळापुढे शेतकऱ्यांना बसवले, तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न रास्त होता: ऑटोस्विच काढला तर मध्यरात्री साप-विंचवातून मोटर चालू करायला कोण जाणार? म्हणून ऑटोस्विच काढा हा आग्रह मी सोडला आणि प्रत्येकाच्या पेटीत विलंबाचा टायमर बसवून घेतला. पुरवठा आल्यावर एकेक पंप थोड्या-थोड्या अंतराने सुरू व्हावा असा क्रम ठरला, आणि पहिला नंबर कोणाचा यावरून भावकीचे एक जुने भांडणही निघाले. सोबत कपॅसिटरचा आग्रह धरला, कारण त्याने पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ०.८ वरून ०.९५ वर गेला की त्याच कामासाठी प्रवाह सुमारे सोळा टक्क्यांनी उतरतो. हे तोंडी कोणाला पटले नाही. एका विहिरीवर कपॅसिटर जोडण्याआधी आणि जोडल्यानंतर टाँग टेस्टरचे आकडे दाखवले तेव्हा पटले. किटकॅटमध्ये योग्य मापाची तार आली आणि त्या उन्हाळ्यात ती डीपी पुन्हा जळली नाही. यात तांत्रिक काय नव्हते, हे माझ्या मित्राने मला आजवर सांगितलेले नाही.

त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे: पहिली दोन वर्षे शाखेतच काढा, तीही एखाद्या जाणत्या लाईनमनच्या सोबत. चाचणी विभाग किंवा मोठे कार्यालय नंतर मागता येते. सुरुवातच तिथे झालेल्या माणसाला फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी लाईन, कागदावरच दिसतो. वसुली करावी लागते, त्याला इलाज नाही. पण ज्याच्या विहिरीवरची मोटर तुम्ही वाचवली आहे तो माणूस थकबाकीबद्दल निदान बसून बोलतो.

एका गोष्टीत मात्र कोणाचेही ऐकू नका. लाईनवर माणूस चढवण्याआधी लाईन बंद असल्याचे परमिट लेखी घ्या, लाईन तोडणारा एबी स्विच उघडलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, उरलेली वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड लावा आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करा. आमच्या भागात बेदाण्याची शीतगृहे आहेत, त्यांच्याकडे जनरेटर असतात, आणि लाईन आणि जनरेटर एकमेकांपासून तोडणारा चेंजओव्हर स्विच नीट नसला तर बंद केलेल्या लाईनवर उलटा पुरवठा येतो. ‘बंद केलंय, चढा’ असे फोनवर सांगणारा कितीही वरिष्ठ असला तरी तेवढ्यावर माणूस चढवायचा नाही.

आता जे आधी सांगायला हवे होते ते. ही नोकरी घड्याळाची नाही. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात फोन सुरू होतो आणि तो थांबेपर्यंत जेवण राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा नदीकाठच्या गावांत पुरवठा बंद करणे सोपे होते. पाणी ओसरल्यावर गाळ भरलेल्या पेट्या आणि ओली मीटर तपासत एकेक रोहित्र पुन्हा चालू करणे हे खरे काम होते, आणि त्यात घरच्यांचे हाल झाले. बदल्यांमुळे मुलांच्या शाळा बदलतात. ज्याला माणसांचा त्रास होतो त्याने खरोखरच महापारेषण किंवा संगणकाचे क्षेत्र निवडावे. त्यात काही कमीपणा नाही, एवढे मी माझ्या मित्राच्या वाट्याचे मान्य करतो.

तो आता पुण्यात स्मार्ट मीटरच्या डेटावर काम करतो आणि पुढे शाखा अभियंत्याची गरजच उरणार नाही असे सांगतो. मीटरवरून प्रवाहाचा आलेख जरूर दिसेल, पण किटकॅटमध्ये कोणती तार घातली आहे हे पाहायला माणसाला ओढ्याकाठच्या पेटीपर्यंत चालत जावे लागेल, आणि मंडळींना टायमरचा क्रम पटवायला देवळापुढे बसावे लागेल.

पगाराचे राहिले. प्रशिक्षणकाळात विद्यावेतन मिळते आणि पुढची वेतनश्रेणी जाहिरातीत दिलेली असते. माझ्या मित्राचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे. त्याची गाठ पडली तर तुम्हाला ते विचारावेही लागणार नाही.