जहाजाच्या चित्रातील ध्वज काय सांगतो?

प्रश्न : आमच्या घरी सासऱ्यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेले एक तैलचित्र आहे. पुढे तीन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज, मागे धूर सोडणारा डोंगर आणि खाली ‘दे सिमोने’ अशी सही आहे. विक्रेत्याने ते एकोणिसाव्या शतकातील इटालियन चित्र असल्याचे सांगितले होते; परंतु जहाजावर अमेरिकेचा ध्वज दिसतो. मग ते इटालियन कसे? पिवळे पडलेले आभाळ घरी पुसता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ध्वजामुळे विक्रेता खोटा ठरत नाही. डोंगर म्हणजे इटलीतील व्हेसुव्हियस हा ज्वालामुखी असेल, तर चित्र त्याच्याजवळच्या नेपल्सच्या बंदरातले आहे, आणि तिथले चित्रकार बंदरात नांगर टाकणाऱ्या परदेशी कप्तानांसाठी त्यांच्या जहाजांची चित्रे काढून देत असत. गिऱ्हाईक स्वतः खलाशी असल्यामुळे समुद्राच्या लाटा ठरावीक साच्यातल्या असल्या तरी चालत, मात्र शिडे आणि दोरखंड चुकलेले चालत नसत. म्हणूनच अशा चित्रांत जहाज बहुधा पूर्ण बाजूने दाखवलेले असते.

काळ ठरवण्यासाठी भिंगाखाली ध्वजावरील तारे मोजावेत. ३६ तारे १८६५ ते १८६७, ३७ तारे १८६७ ते १८७७ आणि ३८ तारे १८७७ ते १८९० या काळात अधिकृत होते. अर्थात, एवढ्याशा ध्वजावर चित्रकाराने तारे नेमके मोजूनच काढले असतील असे नाही. त्यामुळे शिडांचीही साक्ष काढावी. डोलकाठीवरील खालून दुसरे मोठे शीड एकसंध आहे की त्याचे वर-खाली दोन भाग केले आहेत, ते पाहावे; दोन भागांची पद्धत १८५० नंतरच्या दशकांत रूढ झाली. हेच जहाज इटालियन असते, तर १८६१ पासून १९४६ पर्यंतच्या इटालियन तिरंग्यावर तिथल्या सव्हॉय राजघराण्याची, लाल पार्श्वभूमीवर पांढरा क्रूस असलेली ढाल दिसली असती. धुरावरून मात्र तारीख काढू नये, कारण १८७२ चा मोठा उद्रेक सोडला तरी व्हेसुव्हियस त्या शतकात पुष्कळदा धुमसत होता.

सहीवर मी सर्वांत कमी विसंबेन. तोमासो आणि आंतोनिओ दे सिमोने हे दोघेही नेपल्सचे जहाजचित्रकार होते, त्यामुळे नुसत्या आडनावाने कर्ता ठरत नाही, आणि सही नंतर घालणेही अवघड नसते.

चित्र घरी मुळीच पुसू नये. पिवळेपणा बहुधा वरच्या जुन्या व्हार्निशचा असतो. दोरखंडांच्या केसासारख्या रेषा आभाळाचा रंग वाळल्यावर अगदी शेवटी ओढलेल्या असतात, त्यामुळे ओल्या फडक्याने किंवा स्पिरिटने सर्वांत आधी त्याच निघून जातात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे केंद्र आहे. तिथे आधी चित्राचे आणि कापडाच्या मागील बाजूचे छायाचित्र पाठवून सल्ला विचारावा.