पाऊस 12 तारखेचा, नोंद 13 तारखेची

ताई, पर्जन्यमापक अडगळीत टाकू नका. तुम्ही लिहिलंय, विट्याजवळ तुमच्याकडे रविवारी संध्याकाळच्या वळवात 31 मिलिमीटर भरले आणि महसूल मंडळाच्या (काही गावांचा मिळून एक गट) सरकारी आकड्यांत रविवारसमोर भोपळा, म्हणजे माझंच यंत्र खोटं का? हे वाचलं आणि मला माझी जुनी वही आठवली. सोमवारचा आकडा बघितलात का? आधी तो बघा.

मापक मोकळ्यावर हवा, झाडाखाली नको वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

पावसाची तारीख रात्री बारा वाजता बदलत नाही. ती बदलते सकाळी साडेआठला. आपले साडेआठ म्हणजे ग्रीनिचचे पहाटेचे तीन; हवामान खात्याची रोजची मुख्य नोंद त्या वेळेची. त्यामुळे रविवारी सकाळी साडेआठपासून सोमवारी सकाळी साडेआठपर्यंत जे पडलं, ते सगळं सोमवारच्या नावावर चढतं. पावसाळ्यात रोजच झड असते, तेव्हा हे कळतसुद्धा नाही. पण वळीव यायचा दुपारनंतर, चार-पाचला अंधारून. तो बहुतेक दर वेळी दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जातो.

हे मला तीन उन्हाळे माहीत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे माझा स्वतःचाच एक नियम नव्हता. पाऊस थांबला आणि वीज कडाडत नसली की बॅटरी घेऊन जायचं, मोजायचं, त्याच दिवसाखाली लिहायचं. लाइट गेलेली असली किंवा कंटाळा आला तर सकाळी मोजायचं आणि सकाळच्या तारखेला लिहायचं. वेळेचा रकानाच नाही. वही मात्र झकास, लाल शाईत बेरजा!

मग एका 12 एप्रिलला गारा झाल्या. आमचं तासगावच्या बाजूला, बेदाणा सुकायला रॅकवर होता. गारा फार मोठ्या नव्हत्या, हरभऱ्याएवढ्या, पण वाऱ्याने पश्चिमेची ताडपत्री उचलली आणि खालचे दोन थर भिजले. भिजलेला बेदाणा काळा पडतो, त्याला कोण विचारतंय? नुकसानीच्या अर्जात 12 तारीख लिहिली आणि एका कार्यालयात गेलो (कुठलं ते लिहीत नाही, उगाच वाद नको). तिथल्या साहेबांनी पेनाचं टोपण पावसाच्या रजिस्टरवर टेकवलं: 12 तारीख, शून्य. मी ऐटीत वही काढली. त्यांनी ती मागे-मागे चाळली. आदल्या वर्षीचा एक पाऊस दोन्हीकडे एकाच तारखेला, त्याच्या पुढचा माझ्या वहीत एक दिवस आधी, मग परत बरोबर. म्हणाले, "कधी जुळतंय, कधी नाही. वही घरात बसून भरलीय काय?" काय बोलणार? दोष वहीचाच होता.

पण राग याचा येतो की त्याच पानावर 13 तारखेसमोर 27 मिलिमीटर लिहिलेले होते, टोपणापासून एक बोट खाली. मी दाखवलं तर म्हणे, "तुमचा अर्ज 13 चा नाही." गारा 12 लाच पडल्या होत्या हो! मी 13 कशी लिहू? रोज ते रजिस्टर हाताळणाऱ्या माणसाला ते साडेआठचं गणित ठाऊक नसेल, हे मला अजून पटत नाही. तीन हेलपाटे झाले. तोवर काळा माल मिळेल त्या भावाने देऊन मोकळा झालो होतो, मग पंचनामा करणार कशाचा?

तेव्हा माझं ठाम मत असं, की रोज सकाळी साडेआठला मोजा, पाऊस नसला तरी. कोरड्या दिवशी शून्य लिहा. रिकामी ओळ म्हणजे तुम्ही बघितलंच नाही. संध्याकाळी राहवत नसेल तर खुशाल बघा, पण ओतू नका, आणि तो आकडा वेगळ्या रकान्यात वेळेसह लिहा. गारा असतील तर वितळेपर्यंत भांड्यावर झाकण ठेवा. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. जुन्या नोंदी मात्र अंदाजाने दुरुस्त करू नका. मी तीन उन्हाळ्यांसमोर प्रश्नचिन्हं घातलीत, बघवत नाही पण खोटं नाही.

तापमानाचंही तसंच. परवा कुणी गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो टाकला होता, "मिरजेत 46!" अहो, तो आकडा तापलेल्या डांबरावरचा. अधिकृत तापमान पांढऱ्या जाळीदार पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, सावलीत मोजतात. सुताराकडून पेटी करून घ्या, दार उत्तरेला ठेवा. आपल्याकडे एप्रिलअखेर पारा चाळिशीला टेकतो आणि दोन वळीव झाले की उतरतो, हे त्या पेटीतूनच नीट दिसतं. असो, विषय भरकटला.

मी हवामानतज्ज्ञ नाही, द्राक्षवाला आहे. नुकसानीचा प्रश्न असेल तर तुमच्या तलाठ्यांना विचारा, आणि पीकविमा असेल तर खबर मुदतीत द्यायची असते हे विसरू नका. सोमवारी मंडळात 31 च दिसतील असंही नाही. वळवात बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं राहतं. मंडळाचं यंत्र तुमच्यापासून आठ-दहा किलोमीटरवर असेल तर तिथे पाच दिसले तरी दोघंही खरे. आणि सोमवारीही भोपळाच असला, तर शेजारच्या दोन-तीन गावांत कुणाकडे किती पडला ते विचारून इथे टाका, मग बघू.