घसा स्वच्छ दिसतो, पण थुंकी गिळवत नाही

वाचकांचे प्रश्न : कान-नाक-घसा तज्ज्ञांची उत्तरे

या वेळी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे घशाच्या एकाच आजाराभोवती फिरणारी आहेत. तो आजार म्हणजे एपिग्लॉटायटिस, अर्थात स्वरयंत्रावरील झाकणाला अचानक येणारी सूज. आजार विरळ आहे, पण ज्यांच्या घरात तो येतो त्यांना विचार करायला फारसा वेळ देत नाही. म्हणून संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझे मोठे दीर 48 वर्षांचे असून यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. एके दिवशी सकाळी त्यांचा घसा दुखू लागला. जवळच्या डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिले, टॉन्सिल ठीक आहेत असे सांगितले आणि गोळ्या दिल्या. संध्याकाळपर्यंत गोळीच काय, थुंकीही गिळवेना. खांद्यावरच्या टॉवेलने ते सारखी लाळ पुसत पुढे वाकून बसले होते. रात्री श्वास घेताना आवाज येऊ लागला तेव्हा दवाखान्यात नेले. तिथे तातडीने गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली. आता ते बरे आहेत, परंतु नातेवाईक म्हणतात की डॉक्टरांनी घाई केली. छिद्र पाडण्याची खरोखर गरज होती का? आणि सकाळी आजार का कळला नाही?
— एक वाचक, अशोक चौक परिसर, सोलापूर

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. आपण तोंड उघडून ‘आ’ करतो तेव्हा टॉर्चच्या उजेडात टॉन्सिल, पडजीभ आणि घशाची मागची भिंत दिसते. एपिग्लॉटिस हे पानाच्या आकाराचे कूर्चेचे झाकण जिभेच्या मुळामागे, त्याहून खाली असते. घास गिळताना ते स्वरयंत्रावर झुकते आणि अन्न श्वासनलिकेत जाऊ देत नाही. या झाकणाला व त्याच्या आसपासच्या भागाला जंतुसंसर्ग होऊन सूज आली, तरी वरचा घसा जवळजवळ निरोगी दिसू शकतो. त्यामुळे सकाळी टॉन्सिल ठीक दिसले यात नवल नाही. मात्र घसा दिसतो त्या मानाने वेदना फार जास्त असणे, गिळताना जीव कासावीस होणे आणि आवाज तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखा बोजड होणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की टॉर्चवर विसंबून चालत नाही. नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घालून स्वरयंत्राचा भाग प्रत्यक्ष पाहावा लागतो. रुग्णाला धाप लागलेली नसेल तर प्रौढांमध्ये ही तपासणी सहसा सुरक्षितपणे होते आणि निदान तिथल्या तिथे पक्के होते. मानेचा बाजूने काढलेला एक्स-रेही उपयोगी पडतो. त्यात एरवी बारीक दिसणारे झाकण अंगठ्यासारखे जाड दिसते. पण एक्स-रे सामान्य दिसला म्हणून आजार नाहीच, असे म्हणता येत नाही.

प्रौढांमध्ये हा आजार न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी म्हणजेच ‘हिब’ अशा निरनिराळ्या जिवाणूंमुळे होतो. पुष्कळदा नेमका जिवाणू सापडतही नाही. मधुमेह असलेल्यांत संसर्ग जोर धरतो, झाकणात पू साचण्याची शक्यता वाढते आणि श्वासमार्ग बंद पडण्याचा धोकाही अधिक आढळतो.

आता छिद्राविषयी. या आजाराच्या बहुतेक प्रौढ रुग्णांना नळी घालावी लागत नाही. त्यांना अतिदक्षता विभागात नजरेखाली ठेवून शिरेतून प्रतिजैविके दिली की दोन-तीन दिवसांत सूज उतरते. परंतु श्वास आत घेताना आवाज येऊ लागणे, आडवे झाल्यावर गुदमरणे आणि काही तासांतच आजार झपाट्याने वाढणे ही चिन्हे दिसली, तर वाट पाहणे म्हणजे जिवाशी खेळ असतो. आपल्या दिरांना ही तिन्ही कारणे लागू होती आणि वर मधुमेह होता. अशा वेळी पहिला प्रयत्न तोंडातून किंवा नाकातून श्वासनलिकेत नळी घालण्याचा असतो. पण सुजेमुळे स्वरयंत्राचे तोंडच दिसत नसेल, तर गळ्यातून मार्ग काढण्यावाचून गत्यंतर नसते. ऑक्सिजनची पातळी घसरून हृदय थांबायला आल्यावर केलेले छिद्र आणि त्याआधी शांतपणे केलेले छिद्र यांत जीवन-मरणाचे अंतर आहे. मी तिथे असतो तर हेच केले असते. सूज उतरल्यावर नळी काढतात, जखम बहुधा आपोआप भरून येते आणि आवाजही परत येतो, हे नातेवाइकांना जरूर सांगावे.

घाईच्या आरोपावरून एक जुनी घटना आठवते. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन डिसेंबर 1799 मध्ये घशाच्या आजाराने दोन दिवसांच्या आत गेले. तो एपिग्लॉटायटिसच असावा, असे अनेक वैद्यकीय अभ्यासक मानतात. उशाशी तीन डॉक्टर होते. त्यांतल्या सर्वांत तरुण डॉक्टरांनी श्वासनलिकेला छिद्र पाडण्याचे सुचवले होते, पण ज्येष्ठांना ते धाडस वाटले. दिवसभर रुग्णाचे रक्त मात्र पुन्हा पुन्हा काढण्यात आले.

यापुढे दिरांची साखर आटोक्यात ठेवणे हा उपचाराचाच भाग समजावा. सूज उतरावी म्हणून या आजारात अनेक ठिकाणी स्टेरॉइड देतात. त्याचा फायदा निर्विवाद सिद्ध झालेला नाही आणि त्याने साखर मात्र वाढते. तेव्हा घरी आल्यानंतरचे काही दिवस साखर वारंवार तपासावी.

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. मागच्या थंडीत एका रात्री तो भुंकल्यासारखा खोकू लागला आणि त्याचा आवाज बसला. बालरोगतज्ज्ञांनी एक औषध दिले व सकाळपर्यंत त्याला आराम पडला. त्यांनी ‘क्रूप’ असे सांगितले. एपिग्लॉटायटिस लहान मुलांना जास्त होतो असे वाचल्यापासून मी धास्तावले आहे. दोन्हींतला फरक घरी कसा ओळखावा? त्याला सरकारी दवाखान्यातील सर्व लसी दिल्या आहेत.
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या मुलाला झाला तो क्रूपच, आणि त्याचा खोकलाच तसे सांगतो. क्रूप विषाणूमुळे होतो, साधारण सहा महिने ते तीन वर्षे या वयात अधिक दिसतो, एक-दोन दिवस सर्दी होऊन मग रात्री वाढतो आणि त्यात तो विशिष्ट कोरडा, भुंकल्यासारखा खोकला हमखास असतो. एपिग्लॉटायटिसमध्ये खोकला बहुधा नसतोच. मूल सकाळी खेळत असते आणि दुपारी अंगात सणसणून ताप असतो. ते पाणीही नाकारते, तोंडातून लाळ गळू लागते, आवाज दबका होतो. सर्वांत बोलकी असते त्याची बैठक : दोन्ही हात पुढे टेकून, हनुवटी पुढे काढून, तोंड उघडे ठेवून ते ताठ बसते आणि निजवायला गेले की जिवाच्या आकांताने उठते. ती बैठक म्हणजे हट्ट नव्हे. त्या स्थितीतच त्याला थोडीफार हवा मिळत असते, म्हणून त्याला आडवे करू नये.

असे मूल दिसले तर करायच्या गोष्टी मोजक्या आणि न करायच्या पुष्कळ आहेत. चमच्याने जीभ दाबून घसा पाहू नये. मूल रडले, ओकारी आली की अगोदरच चिंचोळा झालेला मार्ग पूर्ण बंद पडू शकतो. वाफ देऊ नये, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावू नयेत, मध, हळदीचे दूध, तापाचे पातळ औषध यांपैकी काहीही तोंडाने देऊ नये. आजी-आजोबांची माया अशा वेळी चमच्यावाटेच व्यक्त होते, म्हणून हे आवर्जून लिहितो. मुलाला आईच्या मांडीवर, त्याला हवे तसे बसू द्यावे, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जिथे भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व कान-नाक-घसा तज्ज्ञ तिघेही मिळतील अशा मोठ्या रुग्णालयात न्यावे. तिथे अशा मुलाला बहुधा शस्त्रक्रियागृहात नेऊन, भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालतात. सुई टोचणे, रक्त काढणे हे सारे त्यानंतर. गळ्याला छिद्र पाडण्याची तयारी शेजारी ठेवलेली असते, पण मुलांमध्ये ती वेळ क्वचित येते.

लसींविषयी आपण निश्चिंत असावे. मुलांतील या आजाराचा मुख्य सूत्रधार हिब हा जिवाणू होता. आपल्याकडे हिबविरुद्धची लस पेंटाव्हॅलंट लसीतून दिली जाते. तीच लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि हेपॅटायटिस बी यांपासूनही संरक्षण देते. सरकारी कार्यक्रमात ती डिसेंबर 2011 मध्ये केरळ व तमिळनाडूत सुरू झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने देशभर पोहोचली. बाळ सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे असताना तिचे तीन डोस देतात. आपल्या मुलाच्या लसीकरण कार्डावर या तिन्ही नोंदी आहेत का, एवढे पाहून घ्यावे. लसीमुळे मुलांतील हा आजार फार कमी झाला. आज अनेक देशांत मुलांपेक्षा प्रौढ रुग्ण अधिक आढळतात. इतर जिवाणूंमुळे लस घेतलेल्या मुलालाही तो क्वचित होऊ शकतो, म्हणून वरची लक्षणे लक्षात ठेवावीत. धास्ती मात्र बाळगू नये.

एक गोष्ट वेगळी ओळखावी. ताप नाही, सर्दी नाही, आणि शेंगदाणे खाताखाता मूल एकाएकी ठसका लागून गुदमरू लागले, तर दाणा श्वासमार्गात अडकल्याची शंका घ्यावी. आपल्या जिल्ह्यात घरोघरी शेंगा असतात. चार वर्षांच्या आतील मुलाच्या हाती अख्खे दाणे देऊ नयेत.

प्रश्न : मी मोहोळ तालुक्यातील एका गावात जनरल प्रॅक्टिस करतो. असा रुग्ण माझ्यासमोर आला तर सोलापूरला पाठवण्यापूर्वी मी नेमके काय करावे? ॲड्रेनॅलिनचे नेब्युलायझेशन, स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊनच पाठवावे का?
— एक डॉक्टर वाचक

उत्तर : सर्वांत मोलाचे काम आपल्या फोनने होईल. ज्या रुग्णालयात पाठवत आहात तिथे आधी बोलून घ्यावे, म्हणजे रुग्ण दारात पोहोचेपर्यंत भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह सज्ज राहील. रुग्णाला बसवूनच न्यावे. ऑक्सिजन द्यावा, पण मूल मास्कला घाबरत असेल तर मास्क चेहऱ्याजवळ आईच्या हातात धरून ठेवावा. ॲड्रेनॅलिनच्या नेब्युलायझेशनचा, म्हणजे यंत्राने औषधाचा फवारा श्वासावाटे देण्याचा, क्रूपमध्ये चांगला उपयोग होतो. एपिग्लॉटायटिसमध्ये तो सिद्ध नाही आणि मूल त्याने बिथरते. त्यासाठी, किंवा स्टेरॉइडसाठी, एक मिनिटही घालवू नये. एक्स-रेसाठी मुलाला एकटे दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या केंद्रात पाठवणे हा तर या आजारातला नेहमीचा घात आहे.

प्रौढ रुग्ण शांत असेल, तर शिरेत सुई लावून सेफ्ट्रायॅक्सोन या प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यास हरकत नाही. पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी आहे का, हे मात्र विचारावे. मुलाच्या बाबतीत सुई टोचण्याचा मोह आवरावा. सोबत बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी व मास्क) वापरता येणारी व्यक्ती पाठवावी. वाटेत श्वास थांबलाच, तर दोन्ही हातांनी मास्क घट्ट बसवून दिलेला श्वास सुजेतूनही पुष्कळदा आत जातो, आणि तेवढ्यावर रुग्ण रुग्णालयापर्यंत टिकतो.

आणखी एक पाहावे. ताप नसताना ओठ, जीभ व घसा सुजलेला रुग्ण आला, तर तो रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिलसारखी गोळी घेतो का, ते विचारावे. सूज त्या गोळीमुळे आलेली असेल तर ती जंतूंची नसते आणि प्रतिजैविकाने उतरत नाही.

प्रश्न : कडक गरम चहाने किंवा रसायनाने हा आजार होतो का? आमच्या घराशेजारी सूत रंगवण्याचे काम चालते.
— एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर

उत्तर : होतो. फार गरम पेय किंवा घास घशात अडकून भाजले, अथवा दाहक रसायन गिळले गेले, तर जंतुसंसर्गाशिवायही हे झाकण सुजते. रोजच्या गरम चहाने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र रंगकामातील कॉस्टिक सोडा किंवा फरशी धुण्याचे ॲसिड शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय घातक आहे. तहानलेले मूल बाटली पाहते, लेबल नव्हे. असे काही गिळले गेले तर उलटी करवू नये, कारण वर येताना ते रसायन घशाला दुसऱ्यांदा भाजते. लिंबूपाणी, ताक देऊन ते ‘मारण्याचा’ प्रयत्नही करू नये. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. घशाची सूज काही तासांनीही वाढू शकते, म्हणून सुरुवातीला बरे वाटले तरी डॉक्टरांनी सांगितले तेवढा वेळ तिथे थांबावे.

प्रश्न : घरात एकाला हा आजार झाला तर इतरांनी औषध घ्यावे का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : सरसकट नाही. तपासणीत हिब जिवाणू सापडला आणि घरात चार वर्षांच्या आतील, लसीकरण अपुरे असलेले मूल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झालेले मूल असेल, तरच घरातील सर्वांना रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक चार दिवस, दिवसातून एकदा, वजनानुसार देतात. गरोदर स्त्रियांना ते सहसा देत नाहीत. त्या दिवसांत लघवी नारिंगी होते आणि डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास तिलाही डाग पडतो; त्याने घाबरून औषध मध्येच सोडू नये. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही या औषधाने कमी होतो, म्हणून त्या घेणाऱ्यांनी तसे डॉक्टरांना आधीच सांगावे.