अंडं बाजूने का फुटलं?

प्रश्न : मी अकरावी विज्ञान शाखेत आहे. आमच्याकडे ‘अवकाशयानातलं पेलोड वाचवा’ अशी स्पर्धा झाली. पेलोड म्हणजे यानातून न्यायची मौल्यवान वस्तू; इथे ती एक कच्चं अंडं. पुठ्ठा, फोम, स्ट्रॉ, रबर बँड आणि चिकटपट्टी एवढ्याच साहित्यातून ३०० ग्रॅमच्या आतलं खोकं करायचं आणि ते १० मीटर उंचीवरून सोडायचं. आम्ही आधी तीनदा टाकून पाहिलं, तिन्ही वेळा अंडं शाबूत राहिलं. तेव्हा मी दोन्ही हातांनी अलगद सोडत होते. स्पर्धेत परीक्षकांनी खोकं कठड्यावरून ढकललं आणि अंडं फुटलं. उघडून पाहिलं तर तळाचा ४ सेंटिमीटरचा फोम जसाच्या तसा होता, तडा बाजूने गेला होता. तिथे फोम फक्त १ सेंटिमीटर होता. मला मेकॅनिकल किंवा एरोस्पेसला जायचं होतं. बाबा म्हणतात, “एक अंडं वाचवता आलं नाही, उपग्रह काय वाचवणार? कॉम्प्युटर घे.” आता मलाही तसंच वाटायला लागलंय. काय करू?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते एका वाक्यासाठी : “तळाचा फोम जसाच्या तसा होता, तडा बाजूने गेला होता.” हिरमुसलेली असतानाही तू खोकं फेकून दिलं नाहीस, उघडून पाहिलंस. अवकाशयानाच्या चाचणी विभागातली माणसं नेमकं हेच काम करतात. मोडलेली वस्तू समोर ठेवायची आणि ती कुठून, कोणत्या क्रमाने मोडली ते शोधायचं.

आता जरा हिशेब करू. १० मीटरवरून पडणारं खोकं जमिनीशी पोचतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण १४ मीटर असतो. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर सगळं अवलंबून आहे. फोम पूर्ण ४ सेंटिमीटर दबला असं धरलं, तर अंड्याला सरासरी २५० ‘जी’चा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २५० पट झटका बसतो. १ सेंटिमीटरच मिळाला तर तोच झटका १००० ‘जी’ होतो. साधं सूत्र आहे : पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. तळाला तू अंड्याला चौपट जागा दिलीस आणि खोकं नेमकं कुशीवर पडलं. तुझा फोम चुकला नाही. ‘ते सरळच पडेल’ हे गृहीतक चुकलं.

मंगळावर ४ जुलै १९९७ रोजी उतरलेलं नासाचं पाथफाइंडर यान आठव. ते कोणत्या बाजूवर पडेल हे आधी सांगता येणार नव्हतं. म्हणून लँडरचा, म्हणजे उतरणाऱ्या भागाचा, आकार चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचा) ठेवला आणि चारही बाजूंना एअरबॅग लावल्या. ते पंधरा-एक उसळ्या खात थांबलं, मग एअरबॅगमधली हवा काढून लँडरच्या बाजू पाकळ्यांसारख्या उघडल्या. कुठल्याही बाजूवर थांबलं असतं तरी पाकळ्यांनी ते सरळ केलं असतं. त्या एअरबॅगसुद्धा पहिल्या चाचण्यांत खडकांवर फाटल्या होत्या. मग कापडाचे थर वाढवले, पुन्हा आपटून पाहिलं.

आता घरच्या चाचण्यांबद्दल जरा स्पष्ट बोलते. त्या तीन नव्हत्या. एकच चाचणी तू तीनदा केलीस. तेच हात, तसंच अलगद सोडणं. या क्षेत्रात एक नियम पाळतात : जसं उडणार आहे, तशीच चाचणी करायची. तो मोडला की मोठमोठ्यांनाही किंमत मोजावी लागते. सूर्याकडून येणारे कण गोळा करून परतणारी जेनेसिस मोहिमेची कुपी ८ सप्टेंबर २००४ रोजी पॅराशूट न उघडता ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगाने वाळवंटात आदळली. वेग कमी होतोय हे ओळखून पॅराशूट उघडायला लावणारे सेन्सर आराखड्यातच उलटे दाखवले होते, तसेच ते बसवले गेले. ही चूक पकडू शकणारी एक चाचणी वगळली गेली होती.

पण त्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढे आहे. कण टिपणाऱ्या चकत्यांचे तुकडे तुकडे झाले. मात्र वेगवेगळ्या संचांतल्या चकत्यांची जाडी मुद्दाम वेगळी ठेवलेली होती. त्यामुळे तुकड्याची जाडी मोजून तो कोणत्या संचातला हे ओळखता आलं आणि त्या नमुन्यांवर पुढे संशोधन झालं. ‘सगळं बिघडलं तर काय?’ हा प्रश्न कुणीतरी वर्षानुवर्षं आधी स्वतःला विचारला होता. पेलोड वाचवणं म्हणतात ते हे. फोम हा त्यातला छोटासा भाग.

पेलोडला त्रास फक्त उतरताना होतो असंही नाही. रॉकेट सुटताना प्रचंड कंपनं आणि आवाज, टप्पे विलग होताना झटके, मग निर्वात पोकळीत एका बाजूला तापणं आणि दुसऱ्या बाजूला गोठणं. शिवाय बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट वेगाने येणारे धूलिकण. त्यांच्यासाठी फ्रेड व्हिपल या खगोलशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये सुचवलेली ढाल आजही वापरतात : मुख्य भिंतीपुढे थोडं अंतर सोडून एक पातळ पत्रा. कण पत्र्यावर फुटतो, त्याचा भुगा पसरतो आणि मागची भिंत वाचते. जाड भिंतीचं वजन परवडत नाही म्हणून ही युक्ती. ३०० ग्रॅमच्या मर्यादेत बाजूचा फोम कमी करताना तूही याच पेचात होतीस.

शाखेचं म्हणशील, तर कंपनं आणि धक्के आवडत असतील तर मेकॅनिकल किंवा एरोस्पेस, ‘हाच फोम का’ असा प्रश्न पडत असेल तर मटेरियल सायन्स. बाबांचं कॉम्प्युटरही यापासून लांब नाही. खोकं प्रत्यक्ष आपटण्याआधी ते संगणकावर शेकडो वेळा आपटून पाहतात आणि ती प्रणाली लिहिणारी माणसं लागतातच. बाबांची काळजी मला खोटी वाटत नाही. अवकाश क्षेत्रात थेट जागा मोजक्याच असतात. पण हेच कौशल्य गाड्यांच्या अपघात-सुरक्षेत, वैद्यकीय उपकरणांत आणि नाजूक वस्तूंच्या वाहतुकीतही लागतं, म्हणून मेकॅनिकल घेतलंस तर एकाच दाराशी ताटकळत बसावं लागणार नाही. दोन्हींपैकी काय, हे तुझी आवड ठरवू दे. एका फुटलेल्या अंड्यावरून ठरवू नकोस, एवढा माझा आग्रह आहे.

आणि ते ठरवण्याआधी एक काम कर. त्याच टीमला पुन्हा बोलाव. वजन तेच ठेव, पण तळाचा थोडा फोम काढून बाजूंना दे. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक वेळी वहीत नोंद : काय बदललं, खोकं कशावर पडलं, तडा कुठे. कधी सरळ सोड, कधी तिरकं, कधी ढकल. मोबाइलवर स्लो मोशन लाव. सेकंदाला २४० चित्रं घेणारा कॅमेरा असेल तर खोकं दोन चित्रांमध्ये सुमारे ६ सेंटिमीटर सरकेल आणि कोणता कोपरा आधी टेकला ते बहुतेक दिसेल. वरून सोडायचं काम तू घे. खाली मोबाइल धरून उभं राहायचं काम बाबांना दे.