लहान मुलं असलेल्या घरात सोपं काय करता येईल आणि माझा केक दरवेळी मधे का बसतो?

तुम्ही विचारलंय की घरी पाच वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी आहे, तुम्ही दोघंही नोकरी करता, संध्याकाळी हाताशी जेमतेम तासभर असतो, नवीन ओव्हन घेतलाय पण तीनदा केक केला आणि तिन्ही वेळा मधोमध बसला, शिवाय मुलगा ताटात काही नवीन दिसलं की तोंडच फिरवतो, तर सोपं असं काय काय करता येईल. माझी दोघं आता नऊ आणि सहाची आहेत, म्हणजे तुम्ही आत्ता जिथे आहात तिथून मी नुकतीच बाहेर पडलेय, सगळं अजून ताजं आहे डोक्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक सांगते, रोज नवीन रेसिपी शोधणं बंद करा. मी दोन वर्षं तेच केलं, मुलं झोपली की फोन घेऊन बसायचं, उद्या काय वेगळं करू, आणि दुसऱ्या दिवशी अर्धं सामान घरात नाही म्हणून चिडचिड व्हायची. मग वैतागून ठरवलं की चार-पाच पदार्थच करायचे, पण ते कागद न बघता येईपर्यंत करायचे, आणि खरं सांगते तेव्हापासून स्वयंपाकघरात श्वास घ्यायला फुरसत मिळायला लागली. एकतर आपला हात बसतो. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, लहान मुलांना एखादी नवीन चव आपलीशी वाटायला तो पदार्थ आठ-दहा वेळा, काही मुलांना तर पंधरा वेळा समोर यावा लागतो. आपण दोनदा करतो, तो खात नाही, आपण म्हणतो "ह्याला आवडत नाही" आणि तिसरं काहीतरी शोधायला जातो. म्हणजे त्याची ओळख व्हायच्या आतच पदार्थ गायब! तेव्हा तेच तेच करणं हा आळस नाहीये हो, मुलांसाठी तेच बरं आहे.

आता केक. तुम्ही लिहिलंय की पहिला बसला म्हणून दुसऱ्या वेळी बेकिंग पावडर दुप्पट घातली आणि काळजीपोटी दर पाच-सात मिनिटांनी दार उघडून बघत होतात. अहो ह्या दोन्ही गोष्टींनीच केक बसतो. केक फुगतो म्हणजे काय होतं तर आत गॅसचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि त्यांच्याभोवतीचं पीठ आणि अंडं उष्णतेने घट्ट होत जातं, जशा भिंती उभ्या राहतात तसं. भिंती पक्क्या व्हायच्या आत बुडबुडे फुटले की छप्पर खाली येणारच. पावडर जास्त झाली की बुडबुडे भराभर मोठे होतात, एकमेकांना जाऊन मिळतात आणि फुटतात. साधारण एक कप मैद्याला, म्हणजे १२५ ग्रॅमला, एक सपाट चहाचा चमचा बेकिंग पावडर पुरते, सपाट म्हणजे सुरीने वरून सारखी केलेली, शीग नको. आणि दार उघडलं की गरम हवा भसकन बाहेर येते, मधला भाग तेव्हा अजून पातळच असतो, तो खाली बसतो आणि मग वर येत नाही. ठरलेल्या वेळेपैकी दोन तृतीयांश वेळ होईपर्यंत दाराला हातच लावायचा नाही, काचेतून बघा हवं तितकं.

पहिला का बसला असेल त्याला दोन कारणं असू शकतात. पावडर जुनी असेल तर ती तपासायची सोपी रीत आहे, अर्धा कप गरम पाण्यात अर्धा चमचा पावडर टाका, लगेच जोरात फसफसली तर चांगली आहे, नुसतेच दोन-चार बुडबुडे आले तर द्या टाकून. (ह्या पावडरचा जन्मच घरच्या माणसासाठी झालाय, इंग्लंडमधे आल्फ्रेड बर्ड नावाचा केमिस्ट होता, त्याच्या बायकोला यीस्ट सोसायचं नाही, तिला यीस्टशिवाय फुगलेला ब्रेड खाता यावा म्हणून त्याने १८४३ मधे ही बनवली. मला ही गोष्ट फार आवडते.) दुसरं कारण म्हणजे ओव्हन पुरेसा तापलेला नसणं. दिवा बंद झाला म्हणजे आतली हवा तापली, भिंती आणि जाळी तापायला अजून दहा मिनिटं द्या. शक्य असेल तर ओव्हनच्या आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्याच, कारण बटणावर १८० लिहिलेलं असतं आणि आत १६० असतं असं बऱ्याच ओव्हनमधे होतं, माझाच वीस डिग्री कमी तापायचा आणि मी वर्षभर स्वतःला दोष देत बसले. आणि मायक्रोवेव्हसकटचा ओव्हन असेल तर केकला कन्व्हेक्शन मोडच लावायचा, म्हणजे आत पंख्याने गरम हवा फिरते तो.

आता मी ज्याच्यावर हात बसवला तो केक सांगते, अंडं नाही, दूध नाही, लोणी फेटायचं नाही, बीटर तर नाहीच. १९० ग्रॅम मैदा म्हणजे दीड कप, पाऊण कप साखर म्हणजे १५० ग्रॅम, तीन मोठे चमचे कोको, एक सपाट चहाचा चमचा खायचा सोडा आणि पाव चमचा मीठ, हे सगळं चाळून एका पसरट भांड्यात घ्यायचं. त्यात बोटाने तीन खड्डे करायचे, एकात ८० मिली तेल, एकात एक मोठा चमचा व्हिनेगर, एकात एक चमचा व्हॅनिला, आणि वरून एक कप म्हणजे २४० मिली साधं पाणी. कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवायचं, थोड्या बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू देत, जास्त घोटलंत की मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे त्यातलं चिकट प्रथिन, ताणलं जातं आणि केक चिवट होतो. आठ इंची चौकोनी टिनला कागद लावून लगेच ओव्हनमधे, कारण सोडा आणि व्हिनेगर भेटल्याक्षणी काम सुरू करतात, मिश्रण ओट्यावर ठेवून मुलाला शी करवून आणलीत तर गॅस निघून गेलेला असतो. १८० डिग्रीला ३० ते ३५ मिनिटं, मधोमध टूथपिक घातली की कोरडी निघाली पाहिजे.

ह्या केकवर माझा एवढा जीव का, तर हा मुलांच्या हातांना जमतो. माझी धाकटी अडीच वर्षांची असताना तिला ओट्याशी स्टुलावर उभं केलं, मागे मी, शेजारी मोठा. खड्डे त्याने केले, तिच्या हातात व्हिनेगरची इवलीशी वाटी दिली. तिने ती ओतली आणि पिठातून फस्स करून फेस वर आला, ती दचकून मागे माझ्या पोटावर आदळली आणि दुसऱ्या क्षणाला "पुन्हा!" म्हणाली. पुढचे कितीतरी शनिवार ते व्हिनेगर हे तिचंच काम होतं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तुम्ही पण तसंच करा, प्रत्येकाला एक ठरलेलं काम. दोन वर्षांची मुलगी आधी मोजून ठेवलेलं ओतू शकते, पानं तोडू शकते, भाज्या पाण्यात धुवू शकते. पाच वर्षांचा अंडं फोडू शकतो (वेगळ्या वाटीत, म्हणजे टरफल पडलं तर काढता येतं), बोथट सुरीने केळं चिरू शकतो, चमचे मोजू शकतो. सगळं मोजून वाट्यांमधे मांडून ठेवा आणि मगच त्यांना हाक मारा, हे केलंत तर निम्मा पसारा वाचतो.

दोन-तीन गोष्टींत मात्र मी अजिबात ढिली पडत नाही. कच्चं मिश्रण चाटायला द्यायचं नाही, अंड्याचं तर नाहीच पण नुसत्या मैद्याचं पण नाही, मैदा भाजलेला नसतो, त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. ओव्हनच्या दाराची काच बाहेरून पण तापते, तेव्हा जमिनीवर ओव्हनपासून तीन पावलांवर एक रंगीत टेप लावा आणि ती रेघ ओलांडायची नाही असा नियम करा, आमच्याकडे तो चालला. तुमच्या धाकटीला अख्खे दाणे, बदाम, अख्खी द्राक्षं देऊ नका, द्राक्षं उभी चार तुकडे करून आणि सुकामेवा पूड करूनच. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं बाळ वर्षाच्या आतलं असेल तर त्याला मध नको, केकमधे भाजलेला पण नको.

साखरेचं पण विचारलंय. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला असा आहे की वरून घातलेली साखर दिवसभराच्या एकूण कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवता आली तर उत्तम. पाच वर्षांच्या मुलासाठी हे ५ टक्के साधारण १९ ग्रॅमच्या आसपास येतात. वरच्या केकचे सोळा तुकडे केले तर एका तुकड्यात साडेनऊ ग्रॅमच्या आतच साखर येते, म्हणजे त्या दिवशी ज्यूस आणि बिस्किटं नसतील तर एक तुकडा छान बसतो. म्हणून तुकडे लहान करा, रेसिपीतली साखर आणखी कापू नका, फार कमी केली की केक कोरडा पडतो.

संध्याकाळच्या जेवणासाठी माझा सगळ्यात मोठा आधार म्हणजे एक ट्रे. फ्लॉवर, गाजर, बटाटा, कांदा, जे असेल ते सारख्या आकाराचं चिरायचं, दोन मोठे चमचे तेल आणि मीठ चोळायचं, २०० डिग्रीला २५ ते ३० मिनिटं, मधे एकदा हलवायचं. एवढंच. त्या अर्ध्या तासात तुम्ही मुलांना आंघोळ घालू शकता, ढवळत उभं राहावं लागत नाही. फक्त तुकडे एकमेकांना चिकटून ढीग करू नका, ढीग झाला की भाजी स्वतःच्या वाफेत उकडते, पसरवली तर कडा लाल होतात आणि त्या लाल कडाच मुलं खातात. सोबत भात किंवा पास्ता, आणि अंडं. उरलेल्या भाज्या दुसऱ्या दिवशी पाण्यात दहा मिनिटं उकळून मिक्सरमधून काढल्या की सूप तयार. भात उरला तर तो बाहेर ठेवू नका, तासाभरात गार करून फ्रीजमधे आणि दुसऱ्या दिवशी संपवा, भातात तग धरणारे जंतू असतात आणि ते नुसतं गरम करून जात नाहीत.

सकाळसाठी अंड्याचे मफिन करा, सहा अंडी, पाव कप दूध, बारीक चिरलेली कुठलीही भाजी, मफिनच्या वाट्यांत ओतून १८० ला अठरा-वीस मिनिटं. रविवारी करून ठेवले तर फ्रीजमधे तीन दिवस राहतात.

सुट्टीच्या दिवशी पिझ्झा. ३०० ग्रॅम मैदा, एक चमचा इन्स्टंट यीस्ट, एक चमचा मीठ, एक मोठा चमचा तेल आणि १९० मिली कोमट पाणी, कोमट म्हणजे बाळाला आंघोळीला चालेल इतकंच, कढत पाण्यात यीस्ट मरतं. मळून तासभर झाकून ठेवायचं, ओव्हन जितका तापेल तितका तापवायचा, दहा-बारा मिनिटं. पीठ दुप्पट झालेलं बघायला मुलं दर दोन मिनिटांनी येऊन झाकण उचलतात, इथे उचलू देत, काही बिघडत नाही.

आणि तुमच्या मुलाचं तोंड फिरवणं. ताटात एक तरी गोष्ट तो नक्की खाईल अशी ठेवा, आणि नवीन गोष्ट अगदी चमचाभर, बाजूला. काय आणि कधी वाढायचं ते आपण ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते त्याने. "एक घास तरी खा", "हे संपवलंस तर केक" हे मी सोडून दिलं, केक बक्षीस झाला की भाजी आपोआप शिक्षा होते. माझ्या मोठ्याने ट्रेमधला फ्लॉवर पहिल्या दिवशी बोटाने ताटाबाहेर ढकलला. नंतर ताटातच राहू दिला. मग एकदा वास घेतला. कधीतरी दहाव्या-अकराव्या वेळी त्याने काही न बोलता एका तुऱ्याची लाल झालेली कड तोडून तोंडात टाकली, मी मुद्दाम पाण्याचा ग्लास उचलला आणि दुसरीकडे बघितलं. आता तो ट्रेमधून उभ्या उभ्याच खातो.

तर ह्या शनिवारी आधी ओव्हन नीट तापू द्या, धाकटीच्या हातात व्हिनेगरची वाटी द्या, आणि टाइमर लावून दार बंद ठेवा. एवढं करूनही मधे थोडा बसलाच तर त्या खड्ड्यात केळ्याचे काप भरा आणि तसाच टेबलावर आणा, मुलांना ते मुद्दाम केलंय असंच वाटतं.