इंदूरच्या खाण्यावर मराठी ब्लॉग: कीवर्ड कसे शोधावेत?

'इंदूरचं खाणं' हा एकच कीवर्ड (म्हणजे लोक गुगलमध्ये टाइप करून शोधतात ते शब्द) धरून कमाई होईल का, असं तुम्ही विचारलंय. अवघड आहे, फार मोघम शब्द आहे तो.

गुगलमध्ये 'सराफा' (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) टाइप करा आणि एंटर न दाबता खालच्या सूचना वाचा. मराठी, हिंदी, रोमन, तिन्ही प्रकारे करून बघा; इंदूरची मराठी माणसंही पुष्कळदा हिंदीतच शोधतात.

गराडूचं घ्या. तळलेल्या कंदाचा हा पदार्थ हिवाळ्यातला. गुगल ट्रेंड्समध्ये (एखादा शब्द कधी किती शोधला जातो ते दाखवणारं साधन) मध्य प्रदेश निवडून पाच वर्षांचा आलेख काढा आणि मागणी चढायच्या महिना-दोन महिने आधीच लेख टाका. हे बहुतेक जण करत नाहीत, म्हणून आग्रहाने सांगतोय.

कीवर्ड प्लॅनर या गुगलच्या जाहिरातदारांसाठीच्या साधनातल्या 'कॉम्पिटिशन'च्या रकान्याला मात्र घाबरू नका. तो जाहिरातदारांमधली चढाओढ दाखवतो; तुमचा लेख वर येणं किती कठीण, ते नाही. त्यासाठी तो शब्द स्वतः शोधून पहिलं पान नीट बघा. सगळी मोठी पोर्टलंच दिसली तर सोडून द्या.

पैशाचं म्हणाल, तर पोह्यांची रेसिपी वाचणाऱ्यापेक्षा राजवाड्याजवळ हॉटेल शोधणाऱ्यासाठी जाहिरातदार सहसा जास्त मोजतात. प्लॅनरमधले बोलीचे, म्हणजे जाहिरातदार एका क्लिकसाठी देऊ करतात त्या रकमेचे आकडे पाहा, फरक लगेच दिसेल.